पेट्रोलमधला दम कुणी काढला?

नगरच्या एका गृहस्थांनी विचारलंय: "माझ्याकडे २०१५ साली पुण्यात घेतलेली हॅचबॅक आहे आणि २०११ ची स्कूटर. कार लॉकडाऊनच्या आधी १८ चा ॲव्हरेज द्यायची, आता १६ वर आलीय. मेकॅनिक म्हणतो, बीएस-६ करताना पेट्रोल इतकं धुऊन काढलंय की त्यातला दमच गेला. हे खरं आहे का? माझ्या दोन्ही गाड्या बीएस-६ नाहीत, मग या स्वच्छ पेट्रोलचा हवेला तरी काही उपयोग होतो का? आणि प्रीमियम टाकलं तर जुना ॲव्हरेज परत येईल का?"

माझी नोकरी रिफायनरीत गेली, त्यातली बरीचशी वर्षं ब्लेंडिंगमध्ये. म्हणजे वेगवेगळ्या युनिटमधून आलेले सात-आठ प्रकारचे माल एका टाकीत ठरल्या प्रमाणात मिसळायचे आणि प्रयोगशाळेचा कागद हातात आला की त्याला पेट्रोल म्हणायचं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या मेकॅनिकने चोर सोडून संन्याशाला सुळावर दिलंय. ॲव्हरेज पडला असेल, ते मी नाकारत नाही. पण त्याचा गंधक काढण्याशी संबंध नाही. गडबड अशी झाली की साधारण त्याच वर्षांत पेट्रोलमध्ये दोन बदल झाले आणि लोकांनी दोन्ही एकाच नावावर घातले. एक बदल गंधकाचा, दुसरा इथेनॉलचा.

आधी गंधकाचं पाहू. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरच्या आणि त्याला जोडून इंधनावरच्या मर्यादांची एकेक पायरी. बीएस-३ पेट्रोलमध्ये गंधक १५० पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, आणि बीएस-६ मध्ये १०. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून पंपावर येणारा १२ हजार लिटरचा टँकर घ्या. त्यातल्या पेट्रोलचं वजन नऊ टनांच्या जरा आत. बीएस-४ च्या काळात त्या अख्ख्या टँकरमध्ये जास्तीत जास्त ४४५ ग्रॅम गंधक असायचं, आता ८९ ग्रॅम. म्हणजे नऊ टनांतून साडेतीनशे ग्रॅम काढले. तेवढ्याने कुठल्याही इंजिनाची ताकद जात नाही. तुमच्या पोत्यातल्या गव्हातून चार खडे वेचले म्हणून भाकरी-पोळी कमी होते का?

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोलचे मानकाचे तक्ते शेजारी शेजारी ठेवलेत तर पेट्रोलमधल्या रेणूंच्या प्रकारांवरची मर्यादा (बेंझीन १ टक्का, ॲरोमॅटिक्स ३५ टक्के, ऑलेफिन्स २१ टक्के), साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची सहनशक्ती) ९१, हे सगळं जवळपास तसंच दिसेल. खरा मोठा फरक गंधकाच्या एका ओळीत आहे. आणि त्या तक्त्यात एक ओळ मुळातच नाही: एका लिटरमध्ये उष्णता किती असावी, याची. घनतेची मर्यादा आहे, घनमीटरला ७२० ते ७७५ किलो, तिच्यावरून अंदाज बांधता येतो, पण किलोमीटरची हमी मानक देत नाही. मानक पाहतं ते इंजिन बिघडू नये आणि नळीतून घाण बाहेर पडू नये एवढंच. म्हणून "मानक सुधारलं आणि ॲव्हरेज घसरला" या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्यात विरोध नाही.

मेकॅनिकच्या म्हणण्यात एक कण मात्र खरा आहे, तो काढून दाखवतो. गंधक काढताना दम जाण्याची भीती आम्हालाच सगळ्यात जास्त होती. पेट्रोलचा मोठा हिस्सा एफसीसी नावाच्या युनिटमधून येतो, जिथे जड तेल तोडून हलकं करतात. पेट्रोलमधल्या गंधकाच्या दहातले नऊ भाग याच मालातून येतात. गंधक काढायचं तर त्यावर हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजन गंधकाला उचलून नेतो, पण तो काही शिस्तीचा पाहुणा नाही. वाटेत ऑलेफिन्स नावाचे रेणू दिसले की त्यांनाही जाऊन चिकटतो. आणि ऑलेफिन्स हे तर आमच्या ऑक्टेनचे कमावते पोरगे! हेक्झीन नावाच्या अशाच एका रेणूचा ऑक्टेन सत्तरीच्या पुढे. त्याला हायड्रोजन चिकटून हेक्झेन झाला की पंचविशीवर येतो. अडाण्यासारखं सगळ्या मालावर हायड्रोजन सोडला असता तर पेट्रोल स्वच्छ झालं असतं आणि गाड्या चढावर टण-टण वाजत बसल्या असत्या.

मग वाट काय काढली? निसर्गाने एक सोय ठेवलीय. ऑलेफिन्स मुख्यतः हलक्या भागात राहतात आणि हट्टी गंधक जड भागात. म्हणून आधी सौम्य प्रक्रियेने हलक्या भागातल्या गंधकाच्या छोट्या रेणूंना मोठं करायचं, म्हणजे ते आपोआप जड भागात उतरतात. मग स्तंभात दोन भाग वेगळे करायचे. हलक्याला हात लावायचा नाही, जडावरच हायड्रोजनचा मारा करायचा. तरीही एक-दोन अंक ऑक्टेन जातोच. तो भरून काढायला आयसोमरायझेशनचं युनिट: सरळ साखळीचा पेंटेन, ऑक्टेन ६२, त्याला फांदी फोडली की ९२. त्यात ना बेंझीन, ना गंधक. रिफॉर्मेट, म्हणजे रिफॉर्मर नावाच्या युनिटमधला माल, हा दुसरा मार्ग, त्याचा ऑक्टेन शंभरीच्या आसपास नेता येतो, पण तो ॲरोमॅटिक्सने भरलेला; ३५ टक्के आणि बेंझीनच्या १ टक्क्याच्या कुंपणाला लगेच धडकतो. ब्लेंडिंगची सगळी गंमत आणि डोकेदुखी हीच. एक आकडा खाली दाबला की दुसरीकडून दुसरा वर येतो, जुन्या गादीतल्या कापसासारखा.

तर सारांश एवढा की ऑक्टेन गेला होता, पण तो रिफायनरीच्या आत गेला आणि आतच भरून काढला. पंपावर आला तो ९१ चाच. त्याची किंमत तुमच्या इंजिनाने नाही, रिफायनऱ्यांनी मोजली: देशभर मिळून तीस हजार कोटी रुपयांच्या घरातला खर्च, वर कायमचा वाढलेला हायड्रोजनचा खप. तो हायड्रोजन नैसर्गिक वायू किंवा नाफ्था नावाच्या हलक्या तेलापासून बनतो आणि बनताना कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे हवेच्या हिशेबात एक छोटा उणे आकडा रिफायनरीच्या खाती पडतोच. मला तो सौदा फायद्याचा वाटतो, पण आकडा लपवू नये.

दहा पीपीएम म्हणजे रोजच्या कामात काय, ते एका रात्रीवरून सांगतो. सहा हजार किलोलिटरची टाकी भरत आलेली. आम्ही दहाच्या मर्यादेला कधीच टेकत नसू. मोजणाऱ्या यंत्राचीही चूक असते, म्हणून सात-आठवर निशाणा. रात्रपाळीत प्रयोगशाळेचा फोन आला: गंधक साडेअकरा पीपीएम. आधी सॅम्पलवर संशय, म्हणून वरचं, मधलं, तळाचं असं तीन ठिकाणचं पुन्हा घेतलं. तोच आकडा. मग टॉर्च घेऊन टँक फार्मात. शेजारच्या लाइनीतून प्रक्रिया न झालेला जड माल चालला होता, गंधक ९०० च्या आसपास. मधला व्हॉल्व्ह चाकावर बंद दिसत होता, पण कान लावला तर बारीक सुस्कारा ऐकू येत होता. व्हॉल्व्ह 'पास' होत होता. हिशेब केला तर अख्ख्या टाकीत बाहेरचा माल गेला होता चोवीसेक किलोलिटर. दोन टँकर! बीएस-३ च्या जमान्यात एवढा माल आत गेला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता, १५० च्या मर्यादेत तो बुडून गेला असता. त्या रात्री टाकी अडकली, दुसऱ्या दिवशी तिच्यात रिफॉर्मेट आणि आयसोमरेट घालून खाली आणली, आणि त्या व्हॉल्व्हच्या पुढे लोखंडी ब्लाइंड (वाट बंद करणारी तबकडी) बसली ती कायमची. कागदावर मर्यादा ५० ची १० करणं एक गोष्ट. देशभरच्या पाइपलाइन, डेपो, टँकर, पंपाच्या टाक्यांचे तळ यांतून तो आकडा टिकवणं ही दुसरी. म्हणूनच १ एप्रिल २०२० च्या कितीतरी आधीपासून नवा माल सोडून जुना धुऊन काढायला सुरुवात झाली होती. लॉकडाऊनमुळे पंप ओस पडले होते, त्यात हा बदल होऊनही गेला आणि कुणाच्या लक्षातही आला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हवेचा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

गंधक जळून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो नळीतून बाहेर येतो, हे खरं, पण पेट्रोलच्या बाबतीत तो मुख्य मुद्दा नाही. मुख्य मुद्दा सायलेन्सरच्या वाटेवर बसलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ मुलामा असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, तिन्हींचा निकाल तो लावतो. गंधक या धातूंच्या जागा अडवून बसतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना, तसं: प्रवासी उभेच, सीट रिकामी दिसते पण मिळत नाही. गाडी हायवेवर तापली की त्यातले बरेच रुमाल उडून जातात, पण गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर फिरणाऱ्या गाडीत कन्व्हर्टर तेवढा तापतच नाही. म्हणून शहरी गाडीला गंधकाचा त्रास जास्त.

यात मला आमच्याच धंद्याची एक गोष्ट कायम टोचत आलीय. रिफायनरीतल्या रिफॉर्मरमध्येही प्लॅटिनमच असतं. ते महाग, म्हणून त्यात जाणाऱ्या नाफ्थात अर्धा पीपीएमसुद्धा गंधक आम्ही जाऊ देत नाही, कितीतरी दशकांपासून. म्हणजे स्वतःच्या प्लॅटिनमला गंधक काय करतं हे आम्हाला पक्कं माहीत होतं. लोकांच्या गाडीतल्या प्लॅटिनमला मात्र तेव्हा आम्ही पाचशे-हजार पीपीएमचं पेट्रोल पाजत होतो.

शिशाचंही तेच झालं होतं. ऑक्टेन वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शिसं, आणि कन्व्हर्टरला ते थेट मारतं. म्हणून एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या गाड्या आल्या तेव्हाच बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. इंधन आणि गाडी यांची पावलं जोडीने पडली पाहिजेत, हा धडा तिथला. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने २००२ मध्ये हाच विचार धरून इंधन आणि गाड्या दोन्हींचं वेळापत्रक एकत्र मांडलं. पैशाअभावी म्हणा, क्षमतेअभावी म्हणा, ते देशात दोन वेगांनी राबवलं गेलं. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आलं ते १३ शहरांत; त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकीच्यांना बीएस-३. देशभर बीएस-४ व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. मधल्या काळात पुण्यात घेतलेली बीएस-४ गाडी सुट्टीत कोकणात निघाली आणि वाटेत टाकी भरली, की तिच्या कन्व्हर्टरला तिप्पट गंधक. तुमच्या कारनेही पहिल्या दोन वर्षांत असं कुठे कुठे प्यालेलं असणार.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बीएस-४ कारलाही १० पीपीएमचा फायदा होतो. कन्व्हर्टर बदलून नवा होत नाही, पण त्याच्यावरची धरलेली जागा मोकळी होते आणि तो आहे त्या वयात जास्त चांगलं काम करतो. फक्त हे तुम्हाला दिसणार नाही, पीयूसीच्या कागदावरही बहुधा नाही, कारण तिथे गाडी जागेवर उभी ठेवून मोजतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तर पेट्रोल गाडीचे मोजतच नाहीत. स्कूटरचं मात्र अवलंबून आहे. त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच दुचाकींना कन्व्हर्टर नव्हताच, किंवा अगदी साधा होता. तुमच्या स्कूटरला नसेल तर कमी गंधकाचा फायदा नाममात्र. खरी मोठी उडी बीएस-६ गाडी आणि बीएस-६ इंधन दोन्ही एकत्र आल्यावरच दिसते. दुचाकींत तर त्यामुळे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं.

आता खरा चोर. इथेनॉल.

पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. लॉकडाऊनच्या आधी तुमच्या टाकीत सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असायचं. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले, २०२५ मध्ये २०. कागद-पेन्सिल घ्या: ५ टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरला साडेएकतीस, २० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये तीसला थोडं कमी. घट पाच टक्क्यांची. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी (म्हणजे १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) जुळवलेल्या चारचाकीचा ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के, दुचाकीचा ३ ते ४ टक्के घटेल, असं लिहिलेलं होतं. हे काही गुपित नव्हतं. पंपावर ठळक अक्षरात लावलं नाही, एवढंच.

म्हणजे तुमचे १८ चे १७ झाले तर मी मान डोलावेन. १७ चे १६ कशाने, ते मात्र पेट्रोलमध्ये शोधू नका. गाडी दहा वर्षांची झालीय. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर आळसावला की संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो, इथेनॉलमुळे मिश्रण आधीच बदललेलं (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साडेतेराच्या आसपास), ते सांभाळायला हाच सेन्सर लागतो. तो, एअर फिल्टर, टायरची हवा, ब्रेक घासतोय का, या क्रमाने बघा. आणि ॲव्हरेज डॅशबोर्डवर बघून ठरवू नका. टाकी गच्च भरा, चारशे-पाचशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत गच्च भरा आणि भागाकार करा. असं तीनदा.

पंपावर भेसळीचा संशय असेल तर घनता मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि पंपाच्या नोंदीतल्या घनतेपेक्षा ३ पेक्षा जास्त फरक निघाला तर तक्रारीला जागा आहे. पण गंधक १० आहे की ५०, हे घनतेवरून, वासावरून, रंगावरून कुणालाही कळत नाही. जो "हे पेट्रोल पातळ आहे" असं बोट बुडवून सांगतो, त्याला नमस्कार करावा आणि पुढे जावं.

स्कूटरची काळजी जरा वेगळी. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, त्यामुळे मिश्रणात हवा जास्त होते आणि सकाळी चालू व्हायला कुरकुर करते. चोक आणि जेटचं ट्यूनिंग चांगल्या माणसाकडून एकदा करून घ्या. रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधले वॉशर तपासा. २०११ चे भाग २० टक्के इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनलेले नाहीत. पावसाळ्यात ती अर्ध्या टाकीवर दोन-दोन महिने उभी ठेवू नका, इथेनॉल ओल ओढून घेतं. या सगळ्याच्या बदल्यात तुमच्या स्कूटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र कमी होतो, आणि कन्व्हर्टर नसलेल्या गाडीत ते काही थोडं नाही.

यात एक मजेशीर वर्तुळ आहे. पेट्रोलमधून काढलेलं गंधक पिवळ्या गोळ्यांच्या रूपाने रिफायनरीबाहेर पडतं. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे खतवाले, आम्लवाले, आणि आपले साखर कारखाने. उसाचा रस पांढरा करायला ते गंधक जाळतात. त्याच कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल बनतं आणि ते परत पेट्रोलमध्ये येतं. नगर जिल्ह्यात राहून तुम्हाला हे मी सांगायला नको.

राहिलं प्रीमियम. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे; दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू नये, त्या सहनशक्तीचा तो आकडा. प्रयोगशाळेत एका सिलिंडरचं जुनं इंजिन असतं, त्यात दाब वाढवत नेतात आणि ठोका कधी पडतो ते मोजतात, बस. तुमच्या हॅचबॅकचं इंजिन ९१ वर ठोका देत नसेल तर ९५ टाकून त्याला काहीच जास्त मिळत नाही. शिवाय ई-२० चा ऑक्टेन इथेनॉलमुळे ९५ च्या घरात गेलाच आहे, असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. गाडीच्या पुस्तिकेत ९५ लिहिलं असेल, टर्बो असेल, किंवा भरल्या गाडीने घाट चढताना ठोका ऐकू येत असेल तर प्रीमियमला अर्थ आहे. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. तेच पैसे ऑक्सिजन सेन्सरवर घाला, आणि तीन टाक्यांचे आकडे आले की कळवा. १७ च्या वर निघाले तर मेकॅनिकला चहा माझ्याकडून.